गाजराची बासरी

ही गोष्ट मी आईलासुद्धा सांगितलेली नाही — आणि आईला मी नको तेही सांगत असते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. पण त्याआधी एक विचारू? मंगळावर सूर्य मावळताना आकाश निळसर दिसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं? मला नव्हतं. ते मला काकूंनी दाखवलं.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. मी मूळची परभणीची, नोकरी हिंजवडीत, आणि राहते घोटावड्यात त्यांच्या वरच्या खोलीत. काकूंची शाळा सातवीपर्यंत. वाचतात सावकाश, एकेका शब्दाखाली बोट धरून. पण बोलून शोधायचं त्यांना झकास जमतं. म्हशीची धार काढून झाली की ओट्यावर बसायचं, फोन तोंडाशी धरायचा आणि दरडावून विचारायचं, "चंद्रावरल्या मातीचा वास कसा हाय?" — असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मला तर नाही. उत्तर सापडलं तेव्हा आम्ही दोघी हरखलो. उडवून झालेल्या फटाक्यासारखा वास, म्हणे.

सापडलं की त्या मला पाठवायच्या. घसरताना गुणगुणणारी वाळू. ठोकली की घंटेसारखी वाजणारी शिळा. दूरच्या एका तेजोमेघाचा फोटो, त्यातला उजेड कुणीतरी सुरांत बसवलेला. "हे ऐक गं पोरी, आभाळ वाजतंय," एवढंच सोबत.

आणि माझी होती 'शनिवारची पोतडी'. दर शनिवारी इंटरनेटवर सापडलेल्या दोन-चार अजब गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्या. आधी ऑफिसातल्या आठ-दहा जणांसाठी होती, मग पसरत गेली. मीही शोधायचे, नाही असं नाही. पण माझं सापडलेलं सगळ्यांनी आधीच पाहिलेलं असायचं. लोक उड्या मारायचे ते काकूंच्या मालावर. कुणीतरी विचारलं, तुला हे सुचतं तरी कसं? मी नुसता हसरा चेहरा टाकला. हसरा चेहरा म्हणजे खोटं बोलणं होतं का? — मी बराच वेळ स्वतःशी वाद घातला. पुढच्या वेळी मात्र लिहिलं, "डोळे उघडे ठेवायचे, बस्स." त्यात वाद घालण्यासारखं काही उरलं नाही.

पण मी सांगतेय ती चूक ही नाही. त्याच्या पुढची आहे.

गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते. मी लॅपटॉप मिटून खाली आले, तर काकूंच्या मांडीवर गाजरं. भाज्यांची वाद्यं वाजवणारी कुठलीशी मंडळी त्यांना सापडली होती. बराच वेळ स्क्रू ड्रायव्हर आणि सुरी घेऊन त्या गाजर पोखरत होत्या. तीन मोडली. चौथ्यातून आधी नुसती फुंकर निघाली, आणि मग — एक बारीक, सरळ सूर. म्हशीनं कान फिरवला. काकू एवढ्या हसल्या की पदर तोंडात धरावा लागला. ऑफिसातल्या लोकांना दाखवते म्हणत मी फोटो काढला, आवाज घेतला. शनिवारी पोतडीत टाकला. खाली लिहिलं, "मी स्वतः कोरलेली बासरी," आणि त्याखाली माझं नाव.

लोक वेडे झाले. ऑफिसात मला त्यावर बोलायला उभं केलं — कुतूहल जपावं कसं, या विषयावर! मी बोलले. टाळ्या घेतल्या. घरी आले तर काकू पायरीवरच होत्या.

"आवडलं का गं त्यान्ला माझं गाजर?"

हो म्हटलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, दाव की. आणि दाखवलं असतं, तर खाली माझं नाव. मी म्हटलं, "काकू, लोकांना असल्या गोष्टीत रस नसतो हो. कुणी बघितलंसुद्धा नाही."

"व्हय?" त्या म्हणाल्या. "मग ऱ्हाऊ दे."

त्यानंतर त्यांनी मला काही पाठवलं नाही. मी विचारायचे, काकू, काही सापडलं का? — बघा माझा निर्लज्जपणा. "न्हाई गं. कशाला उगा." धार झाली की त्या सरळ आत जाऊ लागल्या. चारेक महिन्यांत माझी पोतडी आटली. मला त्याचं वाईट वाटलं, पण खरं सांगते, आधी पोतडीचंच वाटलं. काकूंचं नंतर.

गेल्या महिन्यात त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरत फिरत एक फोटो आला. त्यांनी मला खाली हाक मारली. फोनवर ते गाजर होतं, ते धरणारा काकूंचाच हात, आणि अंगठ्यावर विळ्याचा जुना वण. काकूंनी सगळं वाचून काढलं असावं, कारण त्यांचं बोट माझ्या नावाखाली थांबलं होतं. मी वाट पाहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता — जुनंच होतं ते, चंद्राच्या मातीचा वास विचारतानाचं.

"म्हंजी लोकान्ला आवडलं व्हतं व्हय गं?"

मी म्हटलं, "मला ऑफिसचा फोन येतोय, काकू." आणि जिना चढून वर आले. फोन वाजत नव्हता, हे त्यांना दिसत होतं.