ठकूबाई आणि सातवा मुद्दा

ठकूबाई पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा तिने पगार विचारला नाही, सुट्ट्या विचारल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आत एक नजर फिरवली आणि म्हणाली, "पाच झोपते मानूस."

मला काहीच कळलं नाही. मग तिनेच समजावलं. "ह्या खोलीत पाच मानसं पाय पसरून झोपतील, बाई. आन् तुमी तिथं एकल्या उभ्या राहून च्या करनार. चालू द्या."

ईरा, नील, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही केडगावला आलात त्या दोन्ही वेळी ती गावी गेलेली होती, आणि गेल्या उन्हाळ्यात ती देवाघरीच गेली. तुमच्या आईला विचाराल तर ती "आजीकडच्या पोळ्यावाल्या बाई" एवढंच सांगेल. पोळ्या ती उत्तम करायची हे खरं, पण हुशारीत ती आमच्या अख्ख्या सोसायटीला पुरून उरली, आणि ते तुम्हाला ठाऊक असावं असं मला वाटतं.

तिचं गाव तिसगावच्या पलीकडे. तिकडे पाऊस कमी. तरुणपणी ती इथे नगरला आली आणि तिने वीस वर्षं बांधकामांवर बिगारी म्हणून घमेली वाहिली. शहरातल्या कितीतरी इमारतींचे पाये तिने डोळ्यांनी पाहिलेले. टेप, नकाशे, इंजिनिअर, सगळं जवळून पाहिलेलं, आणि त्यातल्या कशावरच तिचा विश्वास नव्हता. तिची मापं तीनच : उभा माणूस, बसता माणूस आणि झोपता माणूस. दाराला उभा, मोरीला बसता आणि खोलीला झोपता. "फूट आन् इंच कागदाला लागत्यात, बाई," ती म्हणायची, "कागूद कुठं कूस बदलतो?"

ती स्वतः ज्या पत्र्याच्या खोलीत राहायची तिचं माप तिच्या हिशेबाने दीड झोपता माणूस होतं. आणि तिची सगळी काळजी त्या अर्ध्या माणसात होती. तिचा मुलगा बाळू आणि सून मंदा दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची. सहा महिने उसाच्या फडात. वैष्णवी आणि गौरी या दोघी नातीही त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये चढायच्या, कारण मागे गावात सांभाळायला कुणी नव्हतं. शाळा दिवाळीला सुटायची ती थेट उन्हाळ्यात भेटायची. वैष्णवी पाचवीत होती आणि तिला अजून भागाकार येत नव्हता. ठकूबाईला नातींना आपल्याजवळ आणायचं होतं, पण त्या दीड माणसात तिघींना ठेवायचं कसं? दुसरीकडे खोली बघायला गेली की घरमालक आधी अनामत विचारायचे, मग गाव विचारायचे, आणि मग खोली "कालच गेली" म्हणायचे.

अशात आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून असलेल्या जुन्या क्वार्टर्सवर महापालिकेची एक नोटीस लागली. एका बंद पडलेल्या कारखान्याची ती कामगारांसाठी बांधलेली दुमजली इमारत होती. बारा घरं, कैक वर्षं कुलपात. त्या बारा घरांची दुरुस्ती करून, प्रत्येकाचे दोन भाग पाडून, कमी भाड्याच्या चोवीस खोल्या करायच्या असा प्रस्ताव होता. कष्टकरी बाया, म्हातारी माणसं, मुलांना शिकायला मागे ठेवणारी ऊसतोडीची कुटुंबं यांच्यासाठी. "नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना मुदतीत लेखी सादर कराव्यात."

आता मी जे केलं ते सांगते. लपवण्याचं वय राहिलेलं नाही. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष रसाळसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले, सहा फूट उंच, कडक इस्त्रीचे, दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले. "बाई, तुमचं लिखाण मुद्देसूद. हरकत तुम्हीच लिहा." मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मुद्द्यांना आकडे घातल्याशिवाय मला किराण्याची यादीसुद्धा लिहिता येत नाही. कौतुक केलं की आम्ही शिक्षक मंडळी लगेच पेन उघडतो. मी अकरा मुद्दे लिहिले. पाण्याचा ताण, वाहनांची गर्दी, सांडपाणी, आवाज. "परिसराचं स्वरूप" असा एक मुद्दा होता, ज्याचा अर्थ तुम्ही मोठे झालात की कळेल, आणि कळल्यावर आजीची थोडी लाज वाटेल.

सातवा मुद्दा रसाळसाहेबांनी सुचवला. "खोल्या लहान आहेत असं घाला. माणुसकीचा मुद्दा असला की अर्जाला वजन येतं." मी लिहिलं : "प्रस्तावित खोल्या माणसांना सन्मानाने राहण्यास अपुऱ्या असून, अशा कोंदट जागेत गरीब कुटुंबांना ठेवणे अन्यायाचे होईल." रसाळसाहेबांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि खूश झाले.

ठकूबाई तेव्हा ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. अकराच्या अकरा मुद्दे तिने ऐकले. लाटणं थांबलं नाही. रसाळसाहेब गेल्यावर तिने फक्त विचारलं, "बाई, तो मधला कितवा म्हनला? खोल्या ल्हान हायेत त्यो?"

"सातवा," मी म्हणाले. तिच्याकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं.

"झ्याक लिवलाय," ती म्हणाली. "अगदी मनातलं." आणि माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढली. रागावली असती तर परवडलं असतं.

सुनावणी क्वार्टर्सच्या आवारातच ठेवली होती, म्हणजे जागेची पाहणीही होईल. अधिकारी म्हणून एक तरुण मॅडम आल्या होत्या. त्यांच्याबरोबर नकाशा काढणारा आर्किटेक्ट. आमच्या सोसायटीची पंधरा-वीस माणसं एका बाजूला खुर्च्यांवर, आणि खोली मिळावी म्हणून आलेल्या बाया दुसऱ्या बाजूला खाली बसलेल्या. रसाळसाहेबांनी आमच्या अर्जाची प्रत हातात धरून भाषण केलं. मॅडमनी सगळं नोंदवून घेतलं आणि विचारलं, "आणखी कुणाचं काही म्हणणं?"

ठकूबाई उठली. "मॅडम, मला लिवता येत न्हाई. पर ह्या सायबांनी जे लिवलंय, तेच माजं म्हननं हाय."

रसाळसाहेबांनी मान वळवून पाहिलं. खाली बसलेल्या बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. एकजण बोललीच, "फितूर झाली गं ही!"

"गप ए," ठकूबाई मागे न बघता म्हणाली. "मॅडम, सातवा मुद्दा वाचा. खोल्या ल्हान हायेत. सायबांच्या पोटात केवडी माया हाय बघा. आमचं आमाला सुचलं नव्हतं, ह्या लोकांनी आमच्यासाठी लिवलं. तर माजं म्हननं, ह्यांचं ऐका. खोल्या मोठ्या करा."

रसाळसाहेब गडबडले. "तसं नाही मॅडम, आमचं म्हणणं मुळात हा प्रकल्पच..."

"लाजू नका सायब," ठकूबाई म्हणाली. "चांगलं केलं तर मानसानं लाजू नये."

आर्किटेक्ट पुढे झाला. खोली नियमात बसते, सगळी मापं नकाशात आहेत, असं तो सांगू लागला. ठकूबाईने हातातली पिशवी उघडली. आत फक्की होती, पाया आखताना जमिनीवर ओढतात ती पांढरी भुकटी. तिने त्याच्याकडूनच लांबी-रुंदी वदवून घेतली, त्याच्याच टेपने मापून घेतली, आणि सगळ्यांसमोर फरशीवर आख्खी खोली आखली. सरळ रेघा, वीस वर्षांच्या सवयीच्या. इथे दार, इथे मोरी, इथे ओटा. मग हात झटकून म्हणाली, "आता ह्यात मानूस घालून बघू. रसाळसायब, तुमी समद्यांत उंच. जरा झोपा."

"मी?"

"तुमचाच मुद्दा हाय. खरा ठरला तर तुमचीच शान."

इकडे आड, तिकडे विहीर. झोपावं तर कपडे खराब, न झोपावं तर मुद्दा खोटा. मॅडम खाली मान घालून काहीतरी लिहीत असल्याचं दाखवत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. शेवटी रसाळसाहेबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि ते आपल्या पांढऱ्याशुभ्र सफारीसकट फक्कीच्या चौकटीत आडवे झाले. डोकं ओट्याखाली टेकलं. पाय थेट मोरीत.

"सायब, पाय भिजतील, वर घ्या," ठकूबाई म्हणाली. "आता ह्यांच्या बाजूला ह्यांची मंडळी. तिच्या पलीकडं दोन लेकरं. कुठं झोपवू? सायबांच्या पोटावर?"

आधी बाया हसल्या, मग आमच्या खुर्च्या हसल्या, आणि शेवटी आडवे पडलेले रसाळसाहेबही हसले. मॅडमनी हसू आवरून माझ्याकडे पाहिलं. अर्जाखाली माझी सही होती. "हा सातवा मुद्दा तुम्ही लिहिला आहे. म्हणजे सोसायटीची मागणी खोल्या मोठ्या कराव्यात अशी समजायची का?"

पहिल्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलींना मी चाळीस वर्षं उभं केलं होतं. मी उभी राहिले. "हो," मी म्हणाले. "आणि बाकीचे दहा मुद्दे माझ्यापुरते मी मागे घेते." रसाळसाहेबांनी खालूनच माझ्याकडे पाहिलं. चष्मा नसल्यामुळे मी त्यांना धूसर दिसले असेन. ते माझ्या पथ्यावर पडलं.

निर्णय आला तो असा : दोन घरांच्या चारऐवजी तीनच खोल्या करायच्या. चोवीसच्या अठरा झाल्या. मी ठकूबाईला म्हटलं, "अगं, खोल्या कमी झाल्या. सोडतीत तुझंच नाव हुकलं म्हणजे?"

"हुकलं तर हुकलं," ती म्हणाली. "मिळंल त्या बाईला लेकरू पोटाशी घेऊन निजता तर येईल. चोवीस खुराडी करून काय अंडी घालायची हुती?" पण त्या दिवशी पिठात तिने मीठ दोनदा घातलं.

दुरुस्तीला वर्ष गेलं. तो हंगाम मुलींनी फडातच काढला. पुढच्या वर्षी गणपतीनंतर सोडत झाली आणि ठकूबाईचं नाव खरंच हुकलं. ती प्रतीक्षा यादीत पहिली राहिली. खालच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली लागली होती एका गृहस्थाला, ज्याची केडगावात स्वतःची दोन घरं होती आणि ज्याने अर्ज मेहुण्याच्या नावाने भरला होता. सगळ्यांना ठाऊक, पुरावा कुणाकडेच नाही.

आणि मग आठवड्याभरात त्या खोलीबद्दल भलतंच कानावर यायला लागलं. तिथे म्हणे जुना वॉचमन वारला होता. दुपारी बाराला आतून खोकल्याचा आवाज येतो. मेहुण्याची बायको खोली बघायला आली तेव्हा म्हणे खरोखरच कुणीतरी खोकलं. ती दारातूनच परत फिरली, आणि चार दिवसांत खोली नको असल्याचा अर्ज आला. यादीत पहिली होती ठकूबाई.

मी तिला सरळ विचारलं, "ठकूबाई, त्या दिवशी बाराला तू कुठे होतीस?"

"खोटं बोलू नये, बाई," ती गंभीरपणे म्हणाली. "पर खरं सांगायची घाई बी करू नये." आणि पदर तोंडाला लावून खोकली.

दिवाळीच्या आधी मुली आल्या. दोघींची नावं केडगावच्या शाळेत घातली. अर्ज मी लिहिला. दिवाळीनंतर, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, ठकूबाई पोळ्या झाल्यावर हात धुऊन माझ्यासमोर उभी राहिली. "उद्यापासून मी येनार न्हाई. पोरींचे डबे, वेन्या, गृहपाठ. सकाळ पुरायची न्हाई. दुपारची दोन कामं धरलीत, तेवढ्यात भागंल."

"आणि माझ्या पोळ्या?"

"शिका की. सत्तरीला आला. किती दिवस दुसऱ्यावर अवलंबून ऱ्हानार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तिसगावकडून ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला आणि क्वार्टर्ससमोर रस्त्याच्या कडेला थांबला. वर गाठोडी, भांडी, कोंबड्यांची डाल, आणि त्यावर बसलेली बायका-पोरं. बाळू खाली उतरून नुसताच उभा राहिला. मंदाने दोन्ही मुलींना कवटाळलं ते सोडेचना. मुली गणवेशात, पाठीवर दप्तरं, वेण्यांना लाल रिबिनी. मी गेटपाशी उभी होते.

मुकादम वरून ओरडला, "मावशे, पोरी न्हाई व्हय औंदा? मग फडात बारकी पोरं कोन संबाळनार?"

"तू संबाळ," ठकूबाई म्हणाली. "नुसत्या मिश्याच वाढवल्यात, काहीतरी काम कर." ट्रकभर माणसं हसली. मग ती सुनेकडे वळली, आवाज तसाच चढा. "सोड गं त्यांला. शाळंत चालल्यात, सासरी न्हाई."

मंदा रडता रडता हसली आणि तिने हात सोडले. ट्रक पुण्याच्या दिशेने गेला. मुली उलट्या बाजूला, शाळेकडे निघाल्या. गौरीने एकदा मागे वळून पाहिलं. वैष्णवीने तिचा दंड धरून तिला पुढे ओढलं. त्या वळणाआड जाईपर्यंत ठकूबाई रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि मागून येणाऱ्या टेम्पोचा हॉर्न तिला ऐकूच येत नव्हता.

मी तिला हाक मारली. ती वळली. चेहरा ओला होता आणि तो पुसायची तिने तसदी घेतली नाही.

"काय बघत ऱ्हायलाय, बाई?" ती म्हणाली. "जावा घरी. तव्यावर टाकून आला असाल काहीतरी."

खरंच आले होते.