मोंबासाच्या गोदामातलं हळदीचं पोतं

प्रल्हादची एकवीस दिवसांची रजा मंजूर झाली आणि ठरलं : केनियातलं व्हिक्टोरिया सरोवर बघायचं, तेही आपापल्या मोटारसायकलवर. प्रल्हाद राठोड सेनगावकडच्या तांड्यावरचा, हिंगोलीत शिक्षक. मी वसमतचा मेकॅनिक. आयटीआयची पायरी चढलो नाही, पण मी जोडलेल्या इंजिनाचा एक वायसर कधी उरला नाही.

कुणी गाडी जहाजानं पाठवणार असेल तर लिहून घ्या. टाकी कोरडी करा, बॅटरीच्या तारा काढा, खोक्याच्या लाकडावर कीड मारायची धुरी दिल्याचा शिक्का बघा. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट; त्यावरचा इंजिन नंबर स्वतः ताडून पाहा. सामानाची यादी मीच केली, एकशे बेचाळीस नग. गाड्या न्हावाशेवाहून गेल्या, आम्ही नंतर विमानानं.

मोंबासाच्या गोदामात खोकं उघडलं आणि हळदीच्या वासानं वसमतचा मोंढा, अख्खा बाजारच अंगावर आला. सुटे भाग हलू नयेत म्हणून मी शेवटी हळदीची दोन रिकामी पोती कोंबली होती. कस्टमच्या बाईंनी त्यावर बोट फिरवलं. पिवळं झालं.

"हे यादीत कुठे आहे?"

माझं इंग्रजी गाड्यांच्या मॅन्युअलमधून आलेलं. म्हणालो, "पॅकिंग."

"पॅकिंगपुढे तुम्ही फोम लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. पोतं आमच्याकडे दारात असतं, गाडीखाली लोळायला असतं. ते यादीत कोण धरतो?

कीड असेल म्हणून नमुना तपासणीला गेला. गाड्या अडकल्या.

"काहून वस्ताद? वायसर मोजले अन् पोतं इसरले?" प्रल्हाद म्हणाला.

"गप बस."

"आमच्या पणज्यानं बैलावर मीठ वाहिलं. नाक्यावर कुणी झूल हुंगली न्हाई."

हसला, आणि मग बोटांवर रजेचे दिवस मोजायला लागला. रोज बंदराजवळ तव्यावरची चपाती आणि घेवड्याची उसळ खायची, गोदामाच्या फाटकाशी बसायचं. नकाशावरचं सरोवर रोज एक मुक्काम लांब जात होतं. चूक माझी, रजा त्याची.

बाराव्या दिवशी अहवाल आला. कीड नाही, पण पोती समोर जाळायची. मागच्या अंगणात पत्र्याचा पिंप होता. पहिलं पोतं टाकलं. दुसऱ्याला हात थांबला.

"टाक ना. घरी ढीग हाय," प्रल्हाद म्हणाला.

"हाय. पण घर कुठं जवळ हाय?"

बाई जरा मऊ झाल्या. "आमच्याकडे हळदीला मंजानो म्हणतात. माझी आई भातात घालते." धूर विरेपर्यंत त्या थांबल्या, मगच शिक्का मारला.

तारा जोडल्या, पेट्रोल भरलं, गाड्या पहिल्या किकला सुरू झाल्या. रस्ता छान, ट्रक मात्र जपून. नाकुरूला पोचलो तेव्हा परतीचे दिवस तेवढे उरले होते. चौकात सरोवराकाठच्या किसुमूची पाटी होती, एका दिवसाची वाट. प्रल्हादनं पाटीखाली गाडी उभी केली, हेल्मेट काढलं, बघत राहिला. मग हेल्मेट चढवलं आणि गाडी मोंबासाकडे वळवली.

आता वसमतला हळद शिजायला लागली आहे. मोंबासात या वासानं घर दिसायचं, इथं ती पाटी दिसते. परवा प्रल्हाद गॅरेजात आला. भिंतीवरची पुढच्या खेपेची नवी यादी त्यानं खालपर्यंत वाचली.

नग एकशे त्रेचाळीस : पोतं, एकही नाही.

"व्हय," तो म्हणाला, "रजा साठवून राहिलोय मी."