भट्टीवरचा पैलवान

शेषरावाशी हात मिळवायचा म्हणजे बोटातली अंगठी आधी काढून खिशात टाकावी लागे. कंपनीची बस हर्सूलच्या नाक्यावर थांबली की तो चढायचा, माझ्या शेजारी धपकन बसायचा आणि पंजा पुढं करायचा. मी "अरे मेल्या, सोड!" म्हणून ओरडेपर्यंत दाबत राहायचा. मग गालातल्या गालात हसत विचारायचा, "दम हाय का नाना?" मी चिडायचो. मी चिडलो की बसमधल्या सगळ्यांची सकाळ चांगली जायची.

मी तपासणी विभागात आणि तो फोर्जिंगच्या भट्टीवर. लालबुंद लोखंड चिमट्यानं उचलून हातोड्याखाली धरायचं, हे त्याचं काम. गडी फर्दापूरकडच्या खेड्यातला, तालमीत वाढलेला. जत्रेच्या कुस्त्यांत त्यानं भल्याभल्यांना अस्मान दाखवलं होतं. वस्तादाचं एक वाक्य त्याच्या तोंडात कायम असे, "लंगोटाचा पक्का, तो कुठंच नाय कच्चा!" लग्न झाल्यावरही तो हे ऐकवायला लागला तेव्हा मी म्हटलं, "आता तरी लंगोट खुंटीला अडकव बाबा, नाहीतर मंगल माहेरी निघून जाईल." तो असा लाजला की पैलवान लाजताना कसा दिसतो ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्याच्या गावात एक रीत आहे. पैलवानाच्या घरी मूल झालं, मग मुलगा असो वा मुलगी, की बारशाला आखाड्यातली लाल माती त्याच्या कपाळाला लावतात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी शेषराव गावाहून मातीची पुडी घेऊन आला आणि देव्हाऱ्यात ठेवली. मला म्हणाला, "तयारी आपली पक्की पायजे नाना. पोरगं आल्यावर पळापळ नको."

वर्षं गेली आणि माती देव्हाऱ्यातच राहिली. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप ती कसली लागणार? रात्री डोळा लागू नये म्हणून तंबाखूचा बार, वर गोडमिट्ट चहा, गाड्यावरची भजी. जोर-बैठका कधीच सुटल्या होत्या. दंड उतरले, पोट सुटलं, मिशीसुद्धा मलूल दिसायला लागली. एका सकाळी त्यानं माझा हात दाबला आणि मला दुखलंच नाही. तरी मी ओरडलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि "दम हाय का" विचारलं नाही.

तिकडं सासूनं मंगलला देवळं दाखवली, दर्गे दाखवले, अंगारे-धुपारे केले. दवाखान्यात तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि तिच्यात काही खोट निघाली नाही. मग शेषरावाला डॉक्टरकडं न्यायचं काम माझ्याकडं आलं. "मला काय झालंय? मी पैलवान माणूस," असं तो दारापर्यंत म्हणत होता.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "पुरुषाचं जे हार्मोन असतं ते तुमच्यात कमी पडलंय. बीजही कमी आहे. भट्टीची धग, पाळ्यांची मोडकी झोप, तंबाखू, हे पोट... एकावर बोट नाही ठेवता येणार. तंबाखू सोडा, झोप सुधारा, भट्टीवरून बदली मागा. धीर धरा, सुधारेल."

बाहेर येऊन शेषराव कट्ट्यावर बसला. "लंगोटाचा पक्का राह्यलो नाना. लोखंड तापवता तापवता आपणच इझलो की."

बदली मागायची तर कारण सांगावं लागणार. मी म्हटलं, "पाठ दुखते म्हण." तर हा उसळला. "व्हय? म्हंजे पैलवान भट्टीला भ्याला म्हणत फिरायचं सगळ्यांनी? आन् खरं कारण सांगू? उद्या कँटीनमध्ये पोरं दात काढतील." हे त्याचं दुखणं मला कळत होतं, पण त्यावर माझ्याकडं औषध नव्हतं. तो भट्टीवरच राहिला.

मग त्याला छावणीतली एक जिम सापडली. तिथला शिकवणारा त्याला म्हणाला, "भाई, सुई का कोर्स मार लो, शेर बन जाओगे." शेषरावानं ते मला मोठ्या आनंदानं समजावून सांगितलं. "डाक्टर काय म्हणला? हार्मोन कमी हाय. कमी हाय तर भरायचं! गाडीतलं तेल संपलं तर आपण धीर धरून बसतो का?" ऐकायला हे इतकं सरळ होतं की कुणालाही पटावं. डॉक्टरला विचार, असं मी म्हटलं. त्यानं हात झटकला आणि सुया सुरू केल्या.

आणि खरंच, पठ्ठ्या पालटला. छाती भरली, दंड फुगले, दाढी दाट झाली, आवाजाला धार आली. माझी अंगठी पुन्हा खिशात जायला लागली. "दम हाय का नाना?" बस पुन्हा हसायला लागली. डॉक्टरकडं तो फिरकलाच नाही. आरसा रोज सांगत होता की सगळं ठीक आहे, मग जायचं कशाला?

पण ह्या आरशानंच मंगलचा घात केला. गावचे लोक त्याच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, असा वाघासारखा नवरा आणि हिची कूस रिकामी! त्याच्या आईनं दुसऱ्या लग्नासाठी मुलगी बघायला घेतली. शेषराव हो म्हणाला नाही, पण नाही सुद्धा म्हणाला नाही. मंगल आमच्या घरी येऊन माझ्या बायकोजवळ ढसाढसा रडली. घरी गेल्यावर मात्र तिनं त्याला ठणकावलं, "एक डाव तपासून घ्या. मग खुशाल आणा दुसरी. मी माझ्या हातानं हळद लावीन तिला."

त्यानं तपासून घेतलं. पहिल्यांदा बीज कमी होतं. आता काहीच नव्हतं.

डॉक्टरनं इंजेक्शनचं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "अहो, बाहेरून आयतं मिळायला लागलं की शरीर आतलं काम बंद करतं. ताकद दिसली तुम्हाला, पण मूल व्हायला जे लागतं ते त्यानंच थांबलं."

"परत सुरू व्हईल का?"

"बऱ्याच जणांचं होतं, वेळ लागतो. तुमचं मुळातच मंद होतं. खात्री नाही देत मी."

सुया बंद झाल्या आणि शेषराव फुग्यासारखा बसला. पण एक केलं गड्यानं. गावी जाऊन भरल्या घरात आईला सांगितलं, "दोष माझा हाय. मंगलला आता कुनी बोलायचं नाय." आईनं बोलणंच टाकलं, ते त्याच्याशी. त्याच आठवड्यात त्यानं साहेबाला खरं कारण सांगून बदलीही मागितली. साहेब म्हणाला, भट्टीवर नवी पोरं टिकत नाहीत, तूच सांभाळ. कँटीनमध्ये पोरांनी दात काढायचे ते काढले.

तपासण्या होत राहिल्या. पहिले काही रिपोर्ट त्यानं मला बसमध्ये दाखवले, पुढं दाखवणं सोडून दिलं. मंगलचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले. डॉक्टरही शेवटी म्हणाला की मोठ्या शहरात टेस्ट ट्यूबचे उपचार केले तरी थोडं तरी बीज मिळावं लागतं, आणि इथं तेच नाही. त्या दिवशी तो बसमध्ये हर्सूलपासून कंपनीपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसला.

गेल्या महिन्यात माझ्या नातीचं बारसं झालं. नवराबायको दोघं आले. शेषराव पाळण्याजवळ गेला आणि त्यानं खिशातून पुडी काढली. कागद इतका जुना की घडीवर फाटला होता. तो ती घेऊन आलाय हे मंगलला माहीत नव्हतं. तिनं पुडी ओळखली आणि पदर तोंडाला लावला.

"अरे शेषराव, ही तर..." मी म्हटलं.

"नुसती पडून व्हती नाना. पोराच्या कपाळाला लागायची माती, लागू द्या पोराच्या कपाळाला."

त्यानं चिमूटभर माती नातीच्या कपाळाला लावली. तेवढ्यात पोरीनं त्याचं बोट मुठीत धरलं. तो तसाच वाकून उभा राहिला. "दम हाय पोरीला," म्हणाला.

बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या. रात्रपाळीची वेळ होत आली होती. मंगल म्हणाली, "अवो, बस चुकंल." तो हलला नाही. मग तिनंच पुढं होऊन पोरीचं एकेक बोट हळूच उकललं, आणि शेषराव भट्टीवर गेला.