भाऊ समजून धरलेला हात

देवीवर माझा राग होता. उगाच आलेला नव्हे, चांगला विचार करून धरलेला राग होता. माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा बायकोनं महाकालीला नवस बोलला होता, की हे बरे होऊन घरी आले तर घरापासून अनवाणी चालत येईन आणि तुझी ओटी भरीन. मी बरा झालो. ती मात्र नवस फेडायच्या आधीच चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. तेरावं झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आईचा नवस राहिला आहे, तेवढा फेडून टाकू." मी भडकलो. या घरात त्या देवीचं नाव काढायचं नाही म्हणालो, आणि पुढे जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मुलगी नागपूरला परत गेली. तेव्हापासून रविवारी तिचा फोन येतो, गोळ्या घेतल्या का एवढं विचारते आणि ठेवते. ओटी भरायला बाईचा हात लागतो. माझ्या मनात आलं असतं तरी एकट्याला ते जमणारं नव्हतं, आणि मनात येतही नव्हतं.

घर खायला उठायचं म्हणून मी चालायला लागलो. नोकरीत असताना पस्तीस वर्षं रोज गाडीनं बल्लारपूरला गेलो-आलो, त्यामुळे स्वतःचं चंद्रपूर धड पाहिलंच नव्हतं. आता सकाळी चहा घेऊन निघायचं, रामाळा तलावाला वळसा घालायचा, परकोटाच्या कडेकडेनं जायचं. किल्ल्याच्या त्या काळ्या दगडांतून पिंपळ कुठे कुठे फुटला आहे हे मला पाठ झालं होतं. जटपुरा गेटात दोन ऑटो समोरासमोर अडकले की कोण मागे घेणार हे मी उभं राहून बघायचो, मला घाई कसली! गोल बाजारात खेड्यांतल्या बाया टोपल्यांत टेंभरं, चारं अशी रानफळं घेऊन बसायच्या. बायकोला टेंभरं फार आवडायची, म्हणून त्या टोपल्यांपासून मी जरा लांबून जायचो. तर्री-पोह्यांच्या गाडीवाला न विचारता माझी प्लेट भरायचा आणि दिवसभरात माझं एवढंच काय ते बोलणं व्हायचं, की भाऊ, तर्री कमी. संध्याकाळी खिडकीवरची कोळशाची काजळी पुसायची आणि झोपायचं.

चैत्रात आमच्याकडे ऊन असं पडतं की दहा वाजता रस्त्यावर एकाही माणसाचं तोंड दिसत नाही. बाया काय, पुरुष काय, मीसुद्धा, सगळे दुपट्ट्यात गुंडाळलेले, उघडे फक्त डोळे, आणि कित्येकांच्या डोळ्यांवर गॉगल. खिशात कांदा ठेवणारेही आहेत, त्यांत मीही आहे. मला तर हे दिवस सोयीचे वाटायचे. ओळखीचं कोणी भेटलं तरी ओळखत नाही, आणि आता एकट्यानं कसं चाललंय, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही.

त्या मंगळवारी पाय चुकून अंचलेश्वरच्या बाजूला, महाकालीच्या देवळाकडे वळले. यात्रेचे दिवस होते. नारळ, हार, बांगड्यांची दुकानं, भोंग्यावर गाणी, हलग्या, आणि माणसांचा नुसता पूर. मी परत फिरणार तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट घट्ट पकडलं.

"काऊन रे, कुठी गेल्ता? मी कवाची इथी उभी आहो. माहा जीव घाबरा झाला ना!"

पंचाहत्तरीची एक बाई होती. नऊवारी लुगडं, एका डोळ्यात पांढरं पडलेलं, दुसऱ्यानंही बेताचंच दिसत असावं. माझ्याच वयाचा कोणी, बहुधा तिचा धाकटा भाऊ, तिला तिथे उभी करून कुठेतरी गेला होता हे माझ्या लक्षात आलं, आणि त्याचाही दुपट्टा माझ्यासारखाच पांढरा, लाल काठाचा असणार हेही. "बाई, मी तो नाही," मी म्हणालो. पण दुपट्ट्याआडून, त्या हलग्यांत, ते तिला काय ऐकू जाणार!

"अन् नारळ कुठी आहे? तुले नारळ आनाले पाठवलं, अन् तू खाली हातानं आला?"

मी मुकाट्यानं शेजारच्या दुकानातून नारळ घेतला. खरं सांगायचं तर मी दुसऱ्यांदा मोठ्यानं काही सांगितलंच नाही. मनगटावर तिची पकड होती. वर्षभरात मला कोणी हात लावला नव्हता, डॉक्टरनं नाडी बघितली असेल तेवढीच. ती पकड सुटू नये असं मला वाटलं, आणि त्याची मला लाजही वाटली. इथेच उभं राहू, हिचा भाऊ येईलच, असं मी मनाशी म्हणेपर्यंत तिनं मला रांगेत ओढलं होतं.

रांग मुंगीच्या पायानं सरकत होती. ती एकसारखी बोलत होती. आरमोरीकडच्या कुठल्याशा गावाहून पहाटेच्या एसटीनं निघालेली, त्यामुळे गावापासूनचं एक भांडण तिनं सोबत आणलं होतं आणि ते ती माझ्याशी पुढे चालवत होती.

"तू म्हनते, कायले जातं म्हातारे एवढ्या उनाचं. पोरगं तं वाचलं नाई, मंग ओटी कायची? आता आयक. पोरासाठी देवीले बोल्ली होती मी, खरं आहे. तिनं नाई आयकलं. काऊन नाई आयकलं, ते तिचं तिले मालूम. पन् येईन म्हनून शबूद मी देल्ला होता ना? तिनं नाई देल्लं म्हनून मी खोटी पडू का?"

मला तर देवीनं दिलं होतं. बायकोनं माझा जीव मागितला, तो मी छातीत घेऊन या रांगेत उभा होतो, आणि वर्षभर तोंड फिरवून बसलो होतो. हिचा मुलगा गेला आणि ही ओटी घेऊन आली होती. माझे डोळे भरून आले, ते पाणी दुपट्ट्यात जिरलं, कोणाला दिसलं नाही.

गाभाऱ्यात शिरताना वाकावं लागतं. मी ताठ होतो. वाकायचं नाही असं ठरवलेलं होतं असंही नाही, सवय मोडली होती. तिनं थोरल्या बहिणीच्या हक्कानं माझ्या मानेवर हात ठेवला आणि दाबला. "वाक ना. टाळकं आपटन." मी वाकलो. समोर देवीचे डोळे होते. म्हातारीनं चाचपडत ओटी भरली, तांदूळ थोडे खाली सांडले. मी देवीला एवढंच म्हणालो, की माझ्या बायकोला का नेलंस? मागून माणसांनी ढकललं आणि आम्ही बाहेर पडलो. पण विचारून झाल्यावर छातीतलं काहीतरी सैल झालं होतं. वर्षभर मी देवीशी बोलत नव्हतो, भांडत आहे असं नुसतं समजत होतो.

बाहेर एक माणूस कासावीस होऊन प्रत्येक म्हातारीच्या तोंडाकडे बघत होता. पांढरा दुपट्टा, लाल काठ, हातात नारळ. "बाई!" असं ओरडून तो धावत आला. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझं मनगट सोडलं. मी दुपट्टा खाली ओढला.

"अगा माय! हा कोन मंग?" ती म्हणाली, आणि माझ्यावरच घसरली. "तोंडात जीभ नाई का तुह्या? सांगाचं नाई का?"

"तुम्ही हातच सोडत नव्हत्या," मी म्हणालो. तिचा भाऊ आधी हसला, मग त्याचे डोळे पाणावले. नारळ आणायला गेलो होतो जी, परत आलो तर बाई जाग्यावर नाई, म्हणाला.

तिनं नारळाचं भकल आणि मूठभर तांदूळ माझ्या रुमालात बांधले. आता रे गेलं होतं आणि मी भाऊ झालो होतो. "घरी बाईले दे, भाऊ."

"बाई नाही. गेल्या वर्षी गेली."

"पोरगी आहे?"

"आहे."

"मंग तिले दे," ती म्हणाली, आणि भावाचा हात धरून गर्दीत गेली. तिचं नाव मी विचारलं नाही. गावाचंही नाही.

रविवार नव्हता, तरी घरी येऊन मी मुलीला फोन लावला. तिनं घाबरून उचलला, "बाबा, काय झालं?" काही झालं नाही म्हणालो. मग म्हणालो, "येत्या मंगळवारी येशील का? आईचा नवस फेडू. आणि मी त्या दिवशी तुला जे बोललो, ते विसर."

"साडी मी केव्हाच घेऊन ठेवली आहे," ती म्हणाली.

"मग तू एकटीनं येऊन का नाही भरलीस ओटी? मी काही अडवायला आलो नसतो."

"तुमच्याशिवाय कशी भरणार, बाबा? आईनं तुमचा जीव मागितला होता. तुम्ही देवीसमोर उभे नकोत का?"

तो चमत्कार होता की म्हातारीचा अधू डोळा, हे ठरवायच्या भानगडीत मी पडलो नाही. ज्यांना ठरवायचं त्यांनी ठरवावं. आपण होऊन वाकणं मला जमलं नसतं, कोणीतरी मानेवर हात ठेवावा लागला, आणि तो ठेवला गेला याबद्दल मी हात जोडतो. मंगळवारी ऊन चढायच्या आत आम्ही दोघं घरून अनवाणी निघालो. पोचेपर्यंत पाय पोळायला लागले होते. मुलीनं ओटी भरली, आणि मी देवीसमोर उभा राहिलो.