वसंताक्कांची काचेची बाटली

वसंताक्कांनी उभ्या जन्मात मासळी चाखली नव्हती, पण समुद्रात कोणी काय सांडलं ते त्यांनाच विचारायचं. तंजावरच्या मराठी घरातली ही बाई अड्यारच्या आमच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं पाण्यातलं तेल शोधत होती. अतिनील प्रकाश टाकला की तेल चमकतं आणि प्रत्येक तेलाची चमक वेगळी असते. मशीन तिचा आलेख काढायचं. तो पाहून आक्का सांगायच्या, हे होडीचं डिझेल, हे जहाजाचं जाड इंधन. मी पुण्याहून नुकतीच आलेली, तमिळ जेमतेम कळणारी. मला हे सगळं जादूच वाटायचं.

२००३च्या उन्हाळ्यात एळुमलै नावाचा कोळी आमच्या दारात आला. बंदराबाहेर उभ्या असलेल्या एका जहाजाने तेल सोडलं होतं आणि त्याची सगळी जाळी काळी झाली होती. बिचाऱ्याने ती घासलेटाने धुऊनही टाकली, म्हणजे पुरावा म्हणून जाळी बाद. आता जहाजाशेजारच्या पाण्यात जाड इंधन सापडलं, तरच बंदराचे अधिकारी जहाज अडवून त्याच्या टाकीतलं तेल तपासणार होते. जहाज तर आज जाईल की उद्या, अशा बेतात. आम्ही होडीसाठी अर्ज केला; साहेबांनी तो वर पाठवला. वर गेलेला अर्ज वेळेवर खाली आलाय कधी? मी चिडले, पण माझ्या चिडण्याला कोण भीक घालतो!

शेवटी आक्कांनी स्वतः स्वच्छ केलेली काचेची बाटली एळुमलैच्या हाती दिली. पहाटे जहाजाजवळचं पाणी भर आणि आत बोटही घालू नकोस, असं तमिळमध्ये पुन्हा पुन्हा बजावलं.

सकाळी तो बाटली घेऊन आला. सोबत त्याची बायको वळ्ळी. जहाज नांगर उचलतंय, लवकर करा, म्हणाला. दोघांना बाहेर बसवून आक्कांनी पाण्यात द्रावक घालून हलवलं, तर ताकासारखा फेस आला. दिव्याखाली धरलं, तर सगळंच निळंशार. त्यात तेल असेलही, पण त्या निळ्यापुढे ते दिसणार कसं? आलेख कशालाच जुळेना.

"साबणाची पावडर हाय ही," आक्का म्हणाल्या. "कपडे उजळ दिसावे म्हणून तींत घालतात तें असंच चमकतें."

त्यांनी बाहेर जाऊन वळ्ळीला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती अभिमानाने सांगू लागली. रिकामी बाटली रात्रभर मासळीच्या टोपलीत पडली होती. अम्मा, म्हणजे आक्का, मासे खात नाहीत. असली वास मारणारी बाटली त्यांच्या हातात द्यायची कशी? म्हणून तिने पावडर टाकून ती आतून घासली होती. पाण्याचा टँकर आला नव्हता, तरी घागरीच्या तळाचं पाणी तिने बाटली विसळायलाच वापरलं.

आक्का आत आल्या. "पावम, बिचारी! तुझ्या धुण्यानेंच सगळं गेलं, असं तिला कुठल्या तोंडाने सांगूं?"

मला रडूच कोसळलं. दुसरी बाटली भरायला जहाज थांबणार नव्हतं, आणि ते थांबलंही नाही. दुपारी बंदरातून फोन आला की ते निघालं.

एळुमलैने विचारलं, मशीन काय म्हणालं? मशीनला काही कळलं नाही, एवढंच आक्का बोलल्या. तो खाली मान घालून चालू लागला. वळ्ळी मात्र मागे थांबली. तिची तमिळ मला पहिल्यांदाच शब्दन् शब्द कळली.

"अम्मा, बाटलीला वास राहिला असणार. चुकलं माझं. पुढच्या वेळी दोनदा धुईन."