आधी लेथ, मग मुलाखत

आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलो, पण बोलताना अडखळत असल्यामुळे मी प्रत्येक मुलाखतीत मागे पडायचो. हिंगण्याला पंपांचा एक कारखाना वाढत होता. तिथंही साहेबांच्या पहिल्याच प्रश्नाला माझी जीभ अडली. ते पुढच्या उमेदवाराला बोलावणार, इतक्यात शेजारी बसलेले फोरमन म्हणाले, "साहेब, आपल्याले लेथ चालवणारा पाहिजे का भाषण देणारा?" मग माझ्याकडे वळले. "चाल गा, मशीनवर दाखव."

त्यांनी मला एक शाफ्ट बनवायला दिला. मशीन सुरू झालं तसा मी सावरलो. तयार शाफ्ट फोरमननी मोजून पाहिला आणि साहेबांच्या हातात ठेवला. साहेब म्हणाले, "यापुढं सगळ्यांना आधी मशीनवरच बघू. बोलणं नंतर."

मला नोकरी लागली आणि ती पद्धतही टिकली. पुढं तिच्यामुळेच एक मूकबधिर मुलगा आमच्यात आला. खुणांनी बोलत आम्ही अनेक वर्षं शेजारी काम केलं.

माझ्यासाठी शब्द टाकल्याबद्दल फोरमनचे आभार मला कधी नीट मानता आले नाहीत. पण त्यांना ते कळले असावेत. जेवणाच्या सुट्टीत ते मला हाक मारून रोज आपल्याजवळ बसवायचे.