वल्ह्याला बांधलेलं यंत्र

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही तळ्यावरचा एक फोटो पाठवला होतात. होडी तुमच्या बाबांच्या मित्राची, तुम्ही दोघं केशरी जाकिटांत, आणि पुढ्यात एक छोटा पडदा. पडद्यावरचे ठिपके म्हणजे पाण्याखालचे मासे, असं तुम्ही खाली लिहिलं होतं. मी तो फोटो आमच्या मावशीला दाखवला. मला दाखवायची होती तुमची वाढलेली उंची. ती बघत राहिली तो पडदा.

मावशी म्हणजे ठाणे पूर्वेच्या कोळीवाड्यातली आमची मासेवाली. तुमची आई शाळेत होती तेव्हापासून ती आपल्या दाराशी पाटी उतरवते. वयाने माझ्याहून लहान, पण मी तिला मावशी म्हणते आणि ती मला बाई.

"बाई, ह्ये यंत्र पान्याखालचा मासा दावतंय?"

"हो, असं पोरं म्हणतात."

"आमच्या खारीत पन दावल?" तिच्या बोलीत खाडीची खारी होते आणि होडीची होरी.

"खाडीचं पाणी किती गढूळ ते तुलाच ठाऊक. का गं?"

तिने कोयता बाजूला ठेवला आणि सांगू लागली. तिच्या नवऱ्याला सगळा कोळीवाडा नाखवा म्हणतो. त्यांची एक लहानशी होडी आहे आणि ते एकटेच खाडीत जातात; मुलगा कारखान्यात कामाला. मासा कुठे आहे हे ते डोळ्यांनी नाही, कानाने शोधत. ढोमा नावाचा मासा पाण्याखाली टरटर आवाज करतो. नाखवे वल्हं पाण्यात उभं सोडायचे, वरच्या टोकाला कान लावायचे आणि लाकडातून येणारा तो आवाज ऐकून जाळं टाकायचे. त्यांच्या वडिलांनी शिकवलेली ही रीत. पण गेले दोन पावसाळे त्यांना काही ऐकू येत नव्हतं. पाटी अर्धीसुद्धा भरत नव्हती.

"बोलतान, मासा गप झालाय. खारी मेली बोलतान."

आंबिवलीला दिलेली त्यांची मुलगी मागे लागली होती, होडी विका आणि आमच्याकडे येऊन राहा. गिऱ्हाईकही आलं होतं. येऊरच्या वाटेवर हॉटेल काढणारा कोणी. त्याला होडी बागेत ठेवून तिच्यात सॅलड मांडायचं होतं.

"आंबिवलीला जाऊन काय करनार?" मावशी म्हणाली. "गॅलरीत बसून रेल्वेच्या मालगाऱ्या मोजनार. सा महिन्यांत खलास होईल मानूस. बाई, तुम्ही विंग्रजी वाचता. आमाला परवडल असं एक बघा ना."

'परवडेल'ची मर्यादा तिनेच ठरवली: एका बऱ्या जाळ्याला जितके पडतात तितके, त्याच्या वर नाही.

तुम्हाला माहीत आहे, मी सूचनापत्रक पूर्ण वाचल्याशिवाय मिक्सरसुद्धा लावत नाही. आठवडाभर दुपारी मी इंटरनेटवर तेच वाचत बसले. एक प्रकार चेंडूसारखा असतो. तो पाण्यात फेकायचा आणि चित्र मोबाइलवर बघायचं. सगळ्यात स्वस्त तोच, आणि कौतुकही त्याचंच जास्त. पण कौतुक करणारे सगळे तुमच्यासारखे, संथ तळ्याकाठचे. खाडीच्या ओहोटीत तो चेंडू थेट उरणला पोचला असता, शिवाय नाखव्यांचा मोबाइल बटणांचा. दुसऱ्या टोकाला रंगीत पडदा आणि नकाशा असलेली यंत्रं. त्यांच्या किमतीत दुसरी होडी आली असती, आणि नाखव्यांना खाडीचा नकाशा कशाला हवा?

मधला एक प्रकार मला पटला. हाताच्या पंजाएवढा पडदा, चित्र करड्यावर काळं. स्वस्तातले रंगीत पडदे उन्हात दिसत नाहीत, हा दिसतो. त्याला लांब वायर आणि वायरीच्या टोकाला एक गोटा. तो पाण्यात सोडला की खोली किती, तळाशी चिखल की खडक, मध्ये मासा आहे का, हे कळतं. छोट्या बॅटरीवर चालतं. खाऱ्या पाण्यात चालतं असं स्पष्ट लिहिलं होतं. मासा आला की घंटी वाजते. आणि मुदतीत परत करता येतं, हे मी दोनदा तपासलं.

मागवण्याआधी नाखव्यांना भेटायला कोळीवाड्यात गेले. ते ओट्यावर जाळं शिवत होते. उंच, वाळके, पांढऱ्या मिशा.

"नाखवा, तुम्ही जाता तिथे पाणी किती खोल?"

ते हसून मान हलवत राहिले. मावशी घरातून ओरडली, "पानी किती खोल, इचारतान!"

"दोन पुरुस. भरतीला तीन." पुरुस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली.

"मग गोट्याची नजर रुंद असलेलंच घ्यायला हवं," मी म्हटलं. "उथळ पाण्यात साधं यंत्र खाली ताटाएवढीच जागा बघतं."

त्यांनी पुन्हा मान हलवली. मावशी मला म्हणाली, "तुम्ही सांगू नका, मी सांगन. चालीस वर्सं झाली, माझं तरी कधी आयकतंय?" शेजारच्या ओट्यावरच्या बायका हसल्या. मीही हसले. नवरे असतातच असे.

यंत्र आलं ते माझ्या पत्त्यावर. मावशीने लगेच माझ्या धुण्याच्या टबात गोटा बुडवला आणि पाटीतला एक बोंबील शेजारी सोडला. पडदा कोराच राहिला.

"मेलेला हाय म्हनून?"

"नाही गं, टब उथळ आहे म्हणून."

"मंग ठीक. मना वाटलं शिला हाय ते त्याला पन कललं."

सूचनापत्रकात लिहिलं होतं, गोटा होडीच्या मागच्या फळीला स्क्रूने बसवावा. नाखव्यांनी ते ऐकून घेतलं (मावशीने दोनदा ओरडून सांगितलं) आणि म्हणाले, "होरीला भोक नाय पारायचं." मग त्यांनी गोटा वल्ह्याच्या पात्याला सुतळीने बांधला, वायर दांड्याला गुंडाळत वर आणली, आणि वल्हं होतं तसं होडीच्या कडेला उभं सोडायची सोय केली. सूचनापत्रकात ही पद्धत नव्हती, पण चालणार होती.

पहिल्या दिवशी पडदा वाचायला मी होडीत बसावं असं ठरलं. तुमच्या आईला हे तेव्हा सांगितलं नव्हतं, आता कळलं तरी चालेल. माझ्यासाठी प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं. मला धरायला मावशी आली. कोळीवाड्यातल्या बायका मासे विकतात, पण मासेमारीच्या होडीत बसत नाहीत. नारळी पौर्णिमेला नटूनथटून बसतात तेवढंच. त्यामुळे धक्क्यावर आमची बरीच थट्टा झाली.

"काय नाखवा, आज दोन दोन बायका घेऊन?"

"एक वाचाया, एक भांडाया," मावशीनेच उत्तर दिलं.

खाडीच्या मधोमध आलो तेव्हा नाखव्यांनी वल्हं खाली सोडलं. पडदा लगेच ठिपक्यांनी भरला. मी मोठ्याने सांगितलं, जाळं पडलं, आणि वर आल्या दुधाच्या पिशव्या. मला हे वाचून माहीत होतं: गढूळ पाण्यात यंत्राची नजर कमी तीक्ष्ण करावी लागते, नाहीतर गाळ आणि कचराही मासा होतो. मी बटणं दाबून ती कमी केली. गाळावर उगाच ओरडू नये म्हणून आधी बंद ठेवलेली घंटी आता चालू केली. आम्ही पुढे सरकलो, थांबलो, वल्हं सोडलं, पुन्हा सरकलो. पडद्यावर नुसता तळ दिसत होता, जाड, मऊ चिखलाचा.

एके ठिकाणी नाखव्यांनी वल्हं सोडलं आणि सवयीने वाकून दांड्याच्या टोकाला कान लावला. डोळे मिटले. त्याच वेळी यंत्र वाजलं. चांगलं खणखणीत, दोनदा. माझ्या मांडीवर होतं ते, मी दचकले. मावशीने वळून पाहिलं. नाखवे मात्र तसेच वाकलेले, डोळे मिटलेले. पुन्हा वाजलं. ते हलले नाहीत.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या आवाजापेक्षा तो आवाज मोठा होता, तिच्या ओरडण्याइतकाच होता, आणि तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. इतका वेळ मी त्यांच्या मान हलवण्याला होकार समजत होते. मावशीने 'माझं कधी ऐकतंय' या चाळीस वर्षांच्या थट्टेत गेली दोन वर्षंही धरली होती. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. तिने यंत्रावर हात ठेवला, जसं काही आवाज आता दाबता येणार होता.

नाखव्यांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाजलं काय ते?"

मी मान हलवली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पाण्याच्या मधोमध ठिपक्यांची जाड रांग होती, कचऱ्यासारखी विखुरलेली नाही, एकसंध.

त्यांनी वाकून पडदा पाहिला. मग पुन्हा दांड्याला एक कान लावला. मग दुसरा.

"मासा हाय," ते हळूच म्हणाले. "येवरा मासा हाय तर बोलतच असल. मनाच आयकू येत नाय."

मी सांत्वनाचे शब्द शोधत होते. त्यांची गरज नव्हती. नाखवे हसत होते. मिशा हलत होत्या, डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होते.

"मना वाटलं खारी मेली."

दोन वर्षं तो माणूस आख्खी खाडी गेल्याचं दुःख बाळगून होता. त्यापुढे आपले कान गेले ही त्यांना बरी बातमी वाटली असावी.

त्यांनी जाळं टाकलं. वर आले ते ढोमे होते, पाटीभर नाही, पण गेल्या कित्येक दिवसांपेक्षा जास्त. पाण्याबाहेरही हा मासा टरटरतो. नाखव्यांनी त्यातला एक उचलून कानाशी धरला.

"येतंय आयकू?" मावशीने विचारलं. ओरडून नाही, त्यांच्या समोर तोंड आणून.

"जरासं. हातात थरथरतंय."

यंत्र परत पाठवलं नाही. पण प्रश्न सुटला असं समजू नका. आंबिवलीच्या मुलीला कळल्यावर ती दुसऱ्याच दिवशी आली आणि रडली. ऐकू न येणारा माणूस एकटा खाडीत, मागून रेतीची बार्ज भोंगा वाजवत आली तर? तिचं खरं होतं. यंत्र मासा दाखवतं, बार्ज नाही. तिने वडिलांना दवाखान्यात नेलं. एक कान जवळजवळ गेलेला, दुसऱ्याला श्रवणयंत्राने थोडा फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी नंबर लावला आहे, अजून आलेला नाही. तोवर होडी किनाऱ्याला ठेवायची, आणि नंबर लांबला तर सॅलडवाल्याला होकार द्यायचा, इथपर्यंत बोलणं आलं.

तेव्हा मावशी म्हणाली, "मी बसन मागं."

कोळीवाड्यात चर्चा झाली. जावेने नाक मुरडलं. "मासोली इकायला चालतंय, पकराया गेली तर काय बिघरलं?" मावशीने तिला विचारलं. पाटी घेऊन घरोघरी फिरायचं काम आता मावशीची सून करते. मावशी रविवारी तेवढी पाटी घेऊन येते, माझी खबर घ्यायला. सॅलडवाला पुन्हा आला होता. त्याला तिने चहा पाजून परत पाठवलं.

आता ती मागे बसते, बार्जवर नजर ठेवते, आणि घंटी वाजली की नाखव्यांच्या पाठीवर थाप मारते. दोघं होडीत सारखी भांडतात म्हणे. परवाच्या रविवारी मी विचारलं, "मग, कसं चाललंय यंत्र?"

"शनवारी आमच्या मानसावर रागावलेले मी. घंटी वाजली, तरी मी थाप मारली नाय. गप बसून राह्यले."

"अगं! मग मासा गेला?"

"कसला जातंय," ती पाटी उतरवत म्हणाली. "मागं वलून माझ्या तोंडाकरं बगितलं, आनि टाकलं जालं."